भोकांची वही

लिंपोपोच्या दक्षिण काठाने
खांब दोनशे बारा ते खांब बाराशे नव्वद
एवढं कुंपण माझ्या अंगावर आहे.
पक्कड, तारेचं भेंडोळं, पाण्याची बाटली
आणि ही वही :
तारीख, खांब, भोकाची उंची, रुंदी, सही.
मला भोकामागे पैसे मिळतात.
आधीच सांगून टाकतो,
म्हणजे पुढे माझा आवाज बसला
तर तुम्ही मला फार भला समजणार नाही.

सकाळी शिवलेलं दुपारी उसवतं.
बबून उसवतात, रानडुकरं खालून उकरतात,
पण माणसानं कापलेलं लगेच ओळखू येतं :
तारेची टोकं आत वळवलेली असतात,
मागून येणाऱ्याचा सदरा अडकू नये म्हणून.
एवढी काळजी
हे कुंपण उभारणाऱ्यांनीही घेतली नव्हती.

उद्घाटनाला साहेब आले प्रिटोरियाहून,
फीत होती, कात्री विसरली होती.
माझीच पक्कड मागून घेतली.
थिव्हुलावी म्हणतो, त्या दिवशी जी कापाकापी सुरू झाली
ती अजून थांबलेली नाही.
थिव्हुलावी गस्तीच्या जीपचा ड्रायव्हर.
जीपला डिझेल नाही,
म्हणून तो जीपमध्ये बसून
गस्तीची वेळ पूर्ण करतो.

आणि खांब सहाशे चाळीसपाशी, मोपानेच्या सावलीत,
सार्जंट मुक्वेव्हो.
माणशी पन्नास रँड.
लेकरांचे घेत नाही, चर्चला जाणारा आहे.
संध्याकाळी रजिस्टर उघडतो
आणि सुवाच्य अक्षरात लिहितो :
आज कोणीही ओलांडले नाही.

कायदा नको, असं नाही माझं.
माझा मेव्हणा टोमॅटोच्या मळ्यावर अकरा वर्षं होता.
मालकानं त्याला काढलं, नदीपलीकडची तीन माणसं ठेवली,
तिघांची मजुरी मिळून याच्या एकट्याएवढी.
मेव्हणा त्या तिघांना शिव्या देतो.
मीही दिल्यात, दारू पिऊन.
मळ्यावर मात्र आजवर
कुणी कागद तपासायला गेलेलं नाही.
तपासनीस जातो.
टोमॅटोची पेटी घेऊन येतो.

मे महिन्यात एक जण पकडली गेली. शुपिकाई.
कुंपणातून नव्हती आली,
पुलावरून आली होती, दारातून, परवाना घेऊन,
अकरा तास रांगेत उभी राहून.
खिडकीवरच्या शिक्क्याची शाई सुकलेली,
तारखेतला आठ अर्धाच उमटला, तीन झाला.
म्हणजे मुदत कधीच संपलेली.
तिनं शिक्का दाखवला, खिडकी दाखवली,
खिडकीआडचा माणूसही दाखवला.
तो जेवायला गेला होता.

तिचा ट्रक माझ्या झोपडीपाशी थांबला, रेडिएटर तापला म्हणून.
मी जाळीतून पाणी दिलं.
आमची भाषा थोडी जुळते, माझी आई पलीकडचीच.
ती म्हणाली,
"भोक कुठे आहे ते मला माहीत होतं.
धाकटा भाऊ तिथूनच गेला, परवा पगारही झाला त्याचा.
मी म्हटलं, आपण सरळ जावं."
बाटली परत करताना
तिनं झाकण घट्ट लावून दिलं.

महिन्याचा अहवाल गेला :
अटक एक. अंमलबजावणी समाधानकारक.
मुक्वेव्होला प्रशस्तिपत्र मिळालं,
फ्रेम करायला त्यानं माझ्याकडूनच तार नेली.

पाच दिवसांनी खांब सातशे तीनजवळ
नवं भोक.
टोकं आत वळवलेली, एकेक, सावकाश,
जणू कुणाला फार घाई नव्हती,
किंवा आता कुणाची भीतीही नव्हती.
मी टेप काढली नाही.
वहीत लिहिलं :
उंची, वाकलेल्या माणसाएवढी.
रुंदी, एका बाईच्या खांद्यांएवढी.

असलं लिहिलेलं ऑफिसात चालत नाही.
पैसे कापतात.
मग खोडलं,
गुडघे टेकून टेप लावली
आणि सेंटिमीटरमध्ये लिहिलं.